समुद्रापलीकडे बिऱ्हाड

पोटासाठी गाव सोडणं आपल्याला नवं नाही. दिवाळी झाली की बीडकडची माणसं संसार गाडीत भरतात आणि ऊसतोडीला निघतात. पावसाळ्याआधी परत येतात. कोकणातली मुलं नोकरीसाठी आखाती देशांत जातात. तेव्हा घर सोडून जाणं म्हणजे काय, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको.

आज आम्ही दूरच्या एका देशातल्या माणसांची हकीकत सांगणार आहोत. तीही उसाच्याच कामाला गेली. पण गाडीतून नाही, आगबोटीतून. आणि त्यांतली पुष्कळ माणसं परत आलीच नाहीत. तिथंच त्यांनी बिऱ्हाड केलं. हे कसं घडलं, त्यांनी काय कमावलं, काय गमावलं, ते नीट समजून घेऊ.

देश कोणता?

आपल्या पूर्वेला, चीनच्या खालच्या अंगाला, समुद्रात फिलिपाईन्स नावाचा देश आहे. हा सगळा देश बेटांचा. लहानमोठी सात हजारांवर बेटं आहेत. मनिला ही राजधानी. तीनशेहून जास्त वर्षं तिथं स्पेनचं राज्य होतं. १८९८ साली स्पेननं हा देश अमेरिकेच्या हवाली केला. ४ जुलै १९४६ रोजी तो स्वतंत्र झाला.

या देशाच्या वायव्य कोपऱ्यात इलोकोस नावाचा प्रांत आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. माणसं कष्टाळू, काटकसरी. पण खाणारी तोंडं जास्त आणि जमीन थोडी. बापाच्या शेताचे मुलांत तुकडे होत. पुढं त्या तुकड्यांचेही तुकडे होत. भात पिकायचा, पण वर्षभर पुरायचा नाही. आपल्याकडं हे दुखणं सर्वांना ठाऊक आहे.

आता दुसरं ठिकाण पाहू. पॅसिफिक महासागराच्या मधोमध हवाई नावाची बेटं आहेत. मनिलापासून ती आठ हजार किलोमीटरपेक्षाही लांब आहेत. तिथं अमेरिकन मळेवाल्यांनी उसाची मोठमोठी रानं केली होती. रान होतं, कारखाने होते, पण राबायला माणसं कमी. आधी त्यांनी चीनमधून माणसं आणली, मग जपानमधून. जपानी मजूर जास्त मजुरी मागू लागले. १९०९ साली त्यांनी मोठा संप केला. तेव्हा मळेवाल्यांची नजर फिलिपाईन्सकडं पुरती वळली.

पहिले पंधरा

सुरुवात त्याआधीच झाली होती. १९०६ सालच्या डिसेंबरात ‘डोरिक’ नावाची आगबोट होनोलुलू बंदराला लागली. तिच्यातून इलोकोसचे १५ जण उतरले. त्यांना ओलाआ नावाच्या मळ्यावर पाठवलं. पुढच्या चाळीस वर्षांत त्यांच्यामागून एक लाखाहून जास्त माणसं गेली. या मजुरांना ‘सकादा’ असं नाव पडलं.

मळेवाल्यांचे दलाल गावोगाव हिंडत. भरतीच्या वेळी ते माणसाचे तळहात पाहात. हाताला घट्टे असले तर माणूस पसंत. हात मऊ असला तर नापसंत.

आणि आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. शिकलेला माणूस मळेवाल्यांना नको असे. का नको? कारण शिकलेला माणूस कागद वाचतो, हिशेब विचारतो आणि दुसऱ्यालाही समजावून सांगतो. म्हणून थोडंफार शिकलेले काही जण आपल्याला वाचता येत नाही असं सोंग करीत. कसं उलटं जग पाहा! ज्या विद्येचा माणसाला अभिमान वाटावा, ती विद्या कामासाठी लपवावी लागली.

मळ्यावरचा दिवस

मजुराशी तीन वर्षांचा करार होई. पहाट व्हायच्या आधी भोंगा वाजे. माणसं अंधारात उठून डबा भरत. डबा दोन मजली. खालच्या पुडात भात, वरच्यात कालवण. दहा दहा तास काम. कुणी खुरपत असे, कुणी पाणी देत असे. कुणी ऊस तोडे, तर कुणी उसाच्या मोळ्या खांद्यावर घेऊन गाड्यांत भरे. उसाचं पाचट काढायचं काम बायकाही करीत. पाचटानं अंग कसं कापतं, हे ऊसवाल्यांना सांगायला नको. ते लोक उन्हातही अंगभर जाड कपडे घालून काम करीत.

घोड्यावर बसून मुकादम फिरत असे. त्याला ‘लुना’ म्हणत. तो मजुराला नावानं हाक मारीत नसे. प्रत्येक मजुराला पितळेचा एक बिल्ला मिळे. त्याच्यावर नंबर असे. त्याला ‘बांगो’ म्हणत. पगार घ्यायचा तर बिल्ला दाखवा. मळ्याच्या दुकानातून उधार न्यायचं तर बिल्ल्याच्या नंबरावर मांडा. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव मळ्यावर उरलं नाही, नंबर उरला.

मजुरी किती? १९२० साली दिवसाला ७७ सेंट होती. शंभर सेंटांचा एक डॉलर होतो. म्हणजे दिवसभर राबूनही पुरा डॉलर हातात पडत नसे.

जपानी मजुरांची वस्ती वेगळी आणि फिलिपिनो मजुरांची वेगळी. एकमेकांत मिसळू नयेत, एक होऊ नयेत, अशी ही व्यवस्था होती.

एका घराची गोष्ट

हे सगळं एका घरात कसं घडत होतं ते पाहू. समजा, इलोकोसमधलं एक घर आहे. आईबाप, तीन मुलगे, दोन मुली. शेत एवढंसं. थोरला मुलगा हवाईला जातो. जाताना सांगतो, तीन वर्षांत परत येतो.

तिथून तो पैसे पाठवतो. त्या पैशांत बाप सावकाराचं देणं फेडतो, थोडी जमीन घेतो. धाकटा भाऊ शाळेत जातो. गावात नाव होतं. हवाईहून परतलेल्या माणसाला लोक ‘हवायानो’ म्हणत. त्याच्या पायांत बूट असत, अंगावर कोट असे. ते पाहून शेजारची दहा पोरं जायला निघत.

पण परत आलेला माणूस सुख सांगे, दुःख सांगत नसे. पत्रांतही तसंच. आईला वाईट वाटेल म्हणून पाठीवरच्या वळांबद्दल कुणी लिहीत नसे. ज्याला लिहिता येत नसे, तो दुसऱ्याकडून लिहून घेई. मग मनातलं तर मुळीच लिहून होत नसे. आपलं पत्र आपण लिहायला येणं ही केवढी मोठी सोय आहे, हे अशा वेळी कळतं.

तीन वर्षं संपत. शिल्लक थोडी पडलेली असे. मग आणखी तीन वर्षं. असं करता करता कित्येकांचे केस पांढरे झाले. मळेवाल्यांना बायकापोरं नको होती, काम करणारे हात हवे होते. १९३० साली हवाईत त्रेसष्ट हजारांच्या घरात फिलिपिनो होते. त्यांत पाच पुरुषांमागं एक बाई. म्हणून हजारो माणसांचं लग्नच झालं नाही. लग्न झालेल्यांची बायको गावी वाट पाहात राहिली. डॉलर आले, पण संसार झाला नाही. हा हिशेब कुठल्याच वहीत लिहिलेला नाही.

परक्या मुलुखात आपली माणसं

मग या लोकांनी काय केलं? रक्ताचं नातं नव्हतं, तर मानलेलं नातं जोडलं. हे लोक बहुतेक ख्रिस्ती. मुलाच्या बाप्तिस्म्याला मानलेले आईबाप उभे राहतात, अशी त्यांची रीत. एरवी एकदोन पुरतात. हवाईत एकेका मुलाला मानलेले आईबाप पुष्कळ असत. ज्यांना स्वतःचं मूल नाही, तेही त्या मुलाला आपलं म्हणत.

पगाराच्या दिवशी काही जण एकत्र येत. प्रत्येकानं ठरलेली रक्कम काढायची आणि ती सगळी एकाला द्यायची. पुढच्या पगाराला दुसऱ्याला. ही तर आपली भिशीच झाली! कुणी आजारी पडला, कुणी मेला, तर वर्गणीतून मदत करणारी मंडळंही त्यांनी काढली. परमुलुखात मेलेल्या माणसाला खांदा देणारे चौघे मिळावेत, ही काळजी त्यांनी आधी केली.

घराच्या मागं त्यांनी शेवगा लावला. कारली, वांगी, भेंडी लावली. शेवग्याचा पाला त्यांच्या रोजच्या जेवणातला. कारलं, वांगं, भेंडी एकत्र शिजवून वर खारवलेल्या माशाचा रस घालतात. ही भाजी केली की त्यांना गावाला गेल्यासारखं वाटे. माणूस देश बदलतो, पण जिभेची चव एकदम बदलत नाही.

एक झाले तेव्हा

पाब्लो मानलापित नावाचा एक तरुण १९१० साली मजूर म्हणून हवाईला आला. कामधंदा करता करता तो कायदा शिकला आणि १९१९ साली वकील झाला. हवाईतला तो पहिला फिलिपिनो वकील. त्यानं मजुरांची संघटना उभी केली. १९२४ साली मजुरांनी दोन मागण्या मांडल्या. दिवसाला दोन डॉलर मजुरी आणि आठ तासांचं काम. मळेवाल्यांनी ऐकलं नाही. संप झाला. त्या वर्षी ९ सप्टेंबरला हानापेपे गावी दंगल होऊन गोळीबार झाला. १६ संपकरी आणि ४ पोलीस मेले. मानलापितला तुरुंगात घातलं आणि पुढं हवाईतून घालवून दिलं. संप मोडला.

१९३४ साली अमेरिकेनं कायदा केला. वर्षाला फक्त ५० फिलिपिनोंनी अमेरिकेत यावं असं ठरलं. मळेवाल्यांना गरज पडली तर हवाईपुरती सवलत होती. मग दुसरं महायुद्ध आलं. जपाननं फिलिपाईन्स घेतलं. गावाकडची पत्रं बंद झाली. आईबाप जिवंत आहेत की नाहीत, हेही कित्येकांना कळेना.

युद्ध संपल्यावर, १९४६ साली, त्या सवलतीतून सहा हजार मजुरांची शेवटची मोठी भरती झाली. या वेळी ४४६ बायका आणि ९१५ मुलंही बरोबर आली. मळेवाल्यांना वाटलं, संप झाला तर ही नवी माणसं उपयोगी पडतील. पण बोटीवरच्या खलाशांची संघटना होती. बोट किनाऱ्याला लागायच्या आतच पुष्कळ मजूर संघटनेचे सभासद झाले!

१ सप्टेंबर १९४६ रोजी संप सुरू झाला. या वेळी फिलिपिनो आणि जपानी बरोबरीनं उभे राहिले. सुमारे सव्वीस हजार मजूर होते. जेवणाची सामाईक व्यवस्था केली. काही जण मासे धरीत, काही भाजी पिकवीत, बायका रांधत. संप ७९ दिवस चालला आणि मजुरांनी तो जिंकला. मजुरी वाढली. १९२४ साली वेगवेगळे होते म्हणून हरले. १९४६ साली एक होते म्हणून जिंकले.

पुढची पिढी

१९६५ साली अमेरिकेनं नवा कायदा केला. तिथलं नागरिकत्व मिळालेल्या माणसाला आपली बायको, मुलं, आईबाप आणि भावंडं बोलावता येऊ लागली. मग एकामागून एक माणसं येऊ लागली. आपण मघाशी जे घर पाहिलं, तसली घरं आता कुठं पुरी झाली. पण तोवर काहींचे आईबाप वारले होते.

मुलं इंग्रजी शाळेत गेली. आईबाप इलोकानो बोलत आणि मुलं इंग्रजीत उत्तर देत. घरातल्या घरात दोन भाषा झाल्या. याचं म्हाताऱ्यांना दुःख होई. पण मुलं शिकली. कुणी परिचारिका झाल्या, कुणी शिक्षक, कुणी हॉटेलात कामाला लागले. बेंजामिन कायेतानो यांचे वडील हॉटेलात वाढप्याचं काम करीत. बेंजामिन वकील झाले. १९९४ ते २००२ अशी आठ वर्षं ते हवाई राज्याचे गव्हर्नर होते. २०१० च्या शिरगणतीत हवाईतल्या दर चार माणसांत एकाचं मूळ फिलिपिनो निघालं. आणि ज्या उसासाठी हे सगळं झालं, त्याचा शेवटचा कारखाना २०१६ साली बंद पडला. ऊस गेला, माणसं राहिली.

फिलिपाईन्सची माणसं आजही परदेशी जातात. आखातात जातात, हाँगकाँगला जातात, बोटींवर चाकरी करतात. १९७४ सालापासून त्यांच्या सरकारनं या कामासाठी कायदा आणि खातं केलं. पण आई परदेशी आणि मुलं आजीजवळ, हे दुखणं अजून आहेच.

यातून काय घ्यावं?

गाव सोडू नका, असं आम्ही म्हणत नाही. गरज असेल तर जावं. पण डोळे उघडे ठेवून जावं.

करार आधी वाचावा. काम कोणतं, तास किती, मजुरी किती, परतीचं भाडं कोण देणार, हे कागदावर आहे का ते पाहावं. न कळलं तर विचारावं. वाचल्याशिवाय सही करू नये.

परदेशी नेणारा एजंट सरकारकडं नोंदलेला आहे की नाही, हे आधी पाहावं.

कराराची नक्कल घरी ठेवावी. पारपत्र दुसऱ्याच्या हाती देऊन विसरू नये.

घरी खरं ते कळवावं. सुख सांगावं, दुःखही सांगावं. म्हणजे मागून येणारा माणूस फसणार नाही.

दलाल ज्यांचे हात पाहात होते, त्यांना कागद वाचता येत नव्हता. तुम्ही हे पान वाचलंत. आता कुणीही तुमच्यापुढं कागद ठेवला, तर हात पुढं करण्याआधी डोळे पुढं करा.

वाचल्यावर आपसांत बोला

१. मळेवाल्यांना न शिकलेले मजूर का हवे होते?
२. १९२४ चा संप हरला आणि १९४६ चा जिंकला. यात फरक कशानं पडला?
३. तुमच्या गावातून बाहेर गेलेल्या माणसाच्या घरी कोणत्या अडचणी येतात? गावानं त्यांना काय मदत करावी?