१०५ दिवस आधी आलेलं अपडेट आणि ठप्प झालेलं न्हावा-शेवा

परवा मित्रासोबत कर्नाळा किल्ल्यावर गेलो होतो. सुळक्याखाली बसलो असताना त्याच्या फोनवर सिस्टिम अपडेटची सूचना आली. "नंतर बघू," म्हणत त्याने ती उडवून लावली. मग मी त्याला न्हावा-शेवाची गोष्ट सांगितली. बंदर तिथून फार लांब नाही, आणि गोष्ट तुमच्या फोनलाही लागू होते.

२७ जून २०१७. 'नॉटपेट्या' नावाच्या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले कॉम्प्युटर निकामी केले. न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्कचीच समूह कंपनी चालवते, त्यामुळे तेही ठप्प झालं. कुठला कंटेनर कोणाचा, हेच कळेना. कामं हाताने करायची वेळ आली.

हे मालवेअर पसरलं कसं? एक वाट होती विंडोजच्या कर्नलमधली. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क, सगळा कारभार त्याच्या हातात असतो. नेटवर्कवरून फाइल्स आणि प्रिंटर शेअर करण्यासाठी एसएमबी नावाची पद्धत आहे. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली. नव्या आवृत्त्या आल्या, तरी जुनी मशीन्स चालावीत म्हणून हा जुना कोडही विंडोजमध्ये ठेवला गेला.

चूक साधी होती. समजा वहीत १०,००० लिहिलंय आणि ते ९,९५० करायचंय. पण तुम्ही शेवटचे चारच अंक बदललेत. झाले १९,९५०! या कोडमध्ये जवळपास असंच व्हायचं. आलेल्या माहितीचा आकार कमी करून लिहायच्या जागी तो वाढायचा. मग छोट्या जागेत जास्त माहिती भरली जायची आणि ती शेजारच्या मेमरीत सांडायची. हल्लेखोर तिथे आपला कोड घुसवू शकायचा. तोही थेट कर्नलमध्ये, ना पासवर्ड लागायचा, ना कुणी क्लिक करायची गरज.

अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने यावर 'इटर्नलब्लू' हे हत्यार बनवलं होतं. एप्रिल २०१७ मध्ये 'शॅडो ब्रोकर्स' गटाने ते जगजाहीर केलं. १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने तेच वापरून जगभर धुमाकूळ घातला. आणि मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती कधी दिली होती? १४ मार्चला. म्हणजे नॉटपेट्याच्या १०५ दिवस आधी!

यात अजून एक गोम आहे. नॉटपेट्या एका मशीनमध्ये शिरलं की त्याच्या मेमरीतून पासवर्ड चोरायचं आणि ते वापरून अपडेट केलेल्या मशीन्समध्येही घुसायचं. एकाचा आळस सगळ्यांना भोवतो, तो असा.

आता तुमचं काय? अँड्रॉइडच्या मुळाशीही लिनक्स कर्नल आहे आणि त्यातही चुका सापडत असतात. सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी पॅच' किंवा 'सिक्युरिटी अपडेट' असं शोधून तारीख बघा. ती बरीच जुनी असेल तर अपडेट आलंय का तपासा. कंपनीने अपडेट देणंच बंद केलं असेल, तर निदान बँकेचे व्यवहार त्या फोनवर करू नका. घरी जुना विंडोज लॅपटॉप असेल, तर 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये जाऊन एसएमबी १.० समोरची खूण काढून टाका.

मित्राने घरी पोचल्यावर वायफायवर अपडेट टाकलं. वीस मिनिटं फोन बंद होता, एवढंच.