लावायची किल्ली एक, उघडायची दुसरी

महानुभावांचे वाङ्मय शिकवू लागलो की सूत्रपाठाच्या वेळी डुलक्या घेणारी मुलेही एका ठिकाणी हमखास सरसावून बसतात. ते ठिकाण म्हणजे सकळ लिपी. आपल्या पोथ्या परक्याच्या हाती पडल्या तरी त्याला त्या वाचता येऊ नयेत, म्हणून या पंथाने सांकेतिक लिप्या घडवल्या. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर लिहायचे, ही त्यांतली मुख्य युक्ती. कित्येक शतके ते वाङ्मय या कुलपामागे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली.

परंतु असल्या कुलपाची एक मोठी अडचण असते. ज्या संकेताने लिहायचे, त्याच संकेताने वाचायचे! मग दूरच्या मठात पोथी धाडायची तर संकेतही कुणाबरोबर तरी आधी धाडायला हवा, आणि तो ‘कुणी तरी’च फितूर झाला म्हणजे संपले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे एनिग्मा यंत्र काय कमी बिकट होते? पण १९४१ साली ब्रिटिशांनी एक जर्मन पाणबुडी पकडली आणि तिच्यातून यंत्राबरोबर संकेतांचे कागदही उचलून आणले. कुलूप भक्कम असून काय उपयोग? घात होतो तो किल्लीच्या प्रवासात.

१९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी जगापुढे एक विलक्षण कल्पना मांडली. लावायची किल्ली आणि उघडायची किल्ली निरनिराळ्या असल्या तर? आपल्या नाक्यावरच्या टपालपेटीसारखेच हे. पत्र कुणीही टाकावे. काढील तो पोस्टमन. लावायची किल्ली खुशाल चव्हाट्यावर टांगा, उघडायची मात्र घराबाहेर जाऊ देऊ नका. किल्ली पाठवण्याचा प्रश्नच मिटला! आता अशी जोडकिल्ली घडवायची कशी? पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती गणितातून घडवून दाखवली.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. त्याने मला हे गणित एका पाठकोऱ्या कागदावर करायला लावले. म्हणाला, “मामा, वृत्तांच्या मात्रा मोजता ना? मग हेही जमेल.” वाचकांनीही पेन्सिल घ्यावी. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या. त्यांचा गुणाकार ३३. ‘३३ आणि ३’ ही माझी जाहीर किल्ली. तुम्हाला मला ४ हा आकडा गुपचूप कळवायचा आहे. ४ चा घन ६४. त्याला ३३ ने भागून बाकी उरते ३१. उघड्या पोस्टकार्डावर ३१ लिहून पाठवा. माझी गुप्त किल्ली आहे ७. मी ३१ चा सातवा घात काढतो. तो येतो २७,५१,२६,१४,१११. त्याला ३३ ने भागले की बाकी ४! मी दोनदा ताळा करून पाहिला.

हा ७ आला कुठून? ३ आणि ११ मधून एकेक वजा करून गुणा, म्हणजे २०. आणि तीन साते एकवीस, वीसपेक्षा एकाने जास्त. तेव्हा ३३ चे अवयव ज्याला ठाऊक, त्याला ७ सापडतो. तेहतीसचे अवयव शाळकरी पोरही सांगेल, पण आज वापरात असलेल्या अशा किल्लीची संख्या सहाशेहून अधिक आकड्यांची असते. दोन अवयव गुणायला संगणकाला क्षणही लागत नाही. गुणाकारावरून अवयव शोधायला मात्र जन्म पुरत नाहीत. १९७७ साली या तिघांनी १२९ आकडी संख्येचे आव्हान दिले होते, बक्षीस शंभर डॉलर. ते सुटले १९९४ साली, सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपले संगणक एकत्र जुंपले तेव्हा. त्याच वर्षी पीटर शोर यांनी दाखवले की क्वांटम संगणक पुरेसा मोठा झाला तर असले अवयव झपाट्याने काढील. तसे यंत्र उभे राहण्याआधीच नवी कुलपे हवीत म्हणून अमेरिकेने २०२४ साली निराळ्या गणिताची मानके जाहीर केली.

मला या साऱ्यात चटका लावून गेली ती जेम्स एलिस यांची हकीकत. ब्रिटिश सरकारच्या हेरखात्यात असताना हीच कल्पना त्यांना डिफी-हेलमनच्या आधी, १९७० च्या सुमारास सुचली होती. १९७३ साली त्यांच्याच खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्स या तरुणाने तिचे गणितही बसवले. पण खाते गुपिताचे! जगभर दुसऱ्यांचा जयजयकार चालला असता हे लोक ओठ मिटून बसले. सरकारने हे उघड केले १९९७ च्या डिसेंबरात; एलिस नोव्हेंबरात वारले होते.

या जातीचे कुलूप आता आपल्या खिशातही आहे. सॉफ्टवेअर सबंध मजकूर या जड गणितातून काढीत बसत नाही. मजकुराला साधे, चपळ कुलूप लावते आणि त्याची छोटी किल्ली तेवढी जोडकिल्लीच्या मदतीने ठरवते किंवा पोचवते. बँकेचे व्यवहार, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, सारे याच धर्तीवर चालते. एक खोच मात्र उरतेच. चव्हाट्यावर टांगलेली किल्ली खरोखर ताईचीच कशावरून? एखाद्या भामट्याने तिच्या नावाची पाटी लावून आपली टांगली असली तर?

ताई म्हणजे या भाच्याची आई, मुक्काम नाशिक. परवा तिने नवा फोन घेतला आणि तिचा सुरक्षा क्रमांक बदलल्याची सूचना माझ्या फोनवर झळकली. असा क्रमांक साठ आकडी असतो, पाचापाचांचे बारा गट. दोघांकडे तो सारखा असला तर मध्ये कुणी बसलेला नाही असे समजावे. मी तिला साध्या फोनवर गाठले. आवाज तर ओळखीचा होता! ती पाढे म्हटल्यासारखी आकडे वाचीत गेली आणि मी बोट ठेवून मोजीत गेलो. बाराही गट जुळले. मग तिने यंदा चकल्या पार बिघडल्याची बातमी दिली, आणि ती कुणाला सांगू नकोस म्हणून बजावले.