पुरळ बघा, पण आधी लेकरू बघा

"गोवर दिसतोय गं. बाहेर पडू दे. औषधपाणी करू नकोस, आत दबेल," असं म्हणत सासूबाई दाराला कडुलिंबाचा डहाळा अडकवायला गेल्यासुद्धा.

ही २०१९ च्या सप्टेंबरातली गोष्ट. गौरी-गणपती नुकतेच होऊन गेले होते. माझी धाकटी चिऊ तेव्हा सहा वर्षांची. तीन दिवस झाले, तिचा ताप हटत नव्हता. डोकं दुखतंय, डोळे दुखतायत म्हणून रडायची. चेहरा लालबुंद. व्हायरल असेल, म्हणून मी घरीच तापाचं औषध देत होते. तिसऱ्या रात्री तर मागच्या आजारपणातली उरलेली एक बाटली फ्रीजवर होती, तीही पाजली. सकाळी छातीवर बारीक लाल पुरळ. सासूबाई म्हणाल्या गोवर, शेजारच्या काकू म्हणाल्या पित्त उठलंय, आणि मला काहीच कळेना.

चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला. मला हायसं वाटलं. मऊ भात करून तिला उठवायला गेले, तर ती उठेना. पोट दुखतंय म्हणाली, दोनदा उलटी झाली. हातपाय गार. आणि नडगीवर टाचणीनं टोचल्यासारखे लाल ठिपके.

माझ्या नणंदबाई दवाखान्यात सिस्टर आहेत. त्यांना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "वहिनी, काचेचा स्वच्छ पेला घ्या. ठिपक्यांवर दाबून धरा. काचेतून ठिपके दिसतात का जातात, ते सांगा."

मी दाबून बघितलं. ठिपके तसेच.

"आत्ताच्या आत्ता निघा. भाऊला म्हणावं, गाडी काढ."

तो डेंग्यू होता. चिऊ पाच दिवस सलाइनवर होती. डॉक्टर मॅडम मला रागावल्या नाहीत, पण त्यांनी विचारलेले दोन प्रश्न मी अजून विसरले नाही. पहिला, "ती बाटली कसली होती?" तिच्यात आयबुप्रोफेन होतं. डेंग्यूच्या शंकेत ते आणि अॅस्पिरिन देऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे. दुसरा प्रश्न, "ताप उतरल्यावर तुम्ही निर्धास्त झालात ना?" झालेच होते! पण डेंग्यूत ताप उतरतो, तेव्हाच बहुधा धोक्याचा काळ सुरू होतो. त्या एक-दोन दिवसांत रक्तातला पाण्याचा अंश वाहिन्यांमधून बाहेर झिरपतो आणि मूल खचत जातं.

सुदैवानं चिऊ बरी झाली. घरी येताना तिचे पाय पुन्हा लाल झाले होते, मध्ये मध्ये पांढरे गोल आणि भयंकर खाज. मी घाबरले, तर मॅडम हसल्या. "हे बरं होण्याचं पुरळ आहे." एकाच आजारात पुरळाचे तीन प्रकार! तेव्हा मला कळलं, नुसतं पुरळ बघून घरबसल्या नाव ठेवण्यात अर्थ नाही.

देवी गेल्या, रीत राहिली

सासूबाईंना तरी मी काय दोष देणार? त्यांच्या लहानपणी गावात देवी यायच्या. तेव्हा औषध नव्हतं, म्हणून कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी नाही, रोग्याला वेगळं ठेवायचं, ही रीत पडली. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये सगळ्या जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. पण ती रीत मात्र गोवर-कांजिण्यांना चिकटली. दाराला डहाळा लावला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते दवाखान्यात न नेल्यानं, खाणंपिणं तोडल्यानं आणि तापलेल्या लेकराला गोधडीत गुंडाळल्यानं.

गोवर "आत दबत" नाही. त्यात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा मागून येणाऱ्या न्यूमोनियानं, जुलाबानं, मेंदूला सूज आल्यानं. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव भागात गोवराची साथ आली तेव्हा लहान मुलं गेली. म्हणून गोवराच्या मुलाला डॉक्टरांना दाखवायचंच. ते 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात. त्यानं डोळे आणि जीव दोन्ही सांभाळले जातात.

ओळख असावी, निदान नको

तरीही मैत्रिणींनो, थोडी ओळख असली की डॉक्टरांना नीट सांगता येतं.

गोवर: आधी ताप, खोकला, नाक गळणं, डोळे लाल. दोन-चार दिवसांनी कानामागून, कपाळावरून पुरळ सुरू होतं आणि खाली उतरत जातं.

कांजिण्या: पाण्यानं भरलेले, खाजणारे फोड. नवे फोड, फुटलेले फोड आणि खपल्या एकाच वेळी दिसतात. सगळ्यांवर खपली धरेपर्यंत मूल शाळेत पाठवू नये. यातही अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळतात.

हात-पाय-तोंडाचा आजार: तळहात-तळपायांवर पुळ्या, तोंडात फोड. पोर जेवत नाही, लाळ गाळतं. यात पाणी कमी पडू न देणं महत्त्वाचं.

तान्ह्यांचं गुलाबी पुरळ: दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तीन-चार दिवस जोराचा ताप येतो. तो उतरला की अंगभर पुरळ उठतं, पण बाळ मात्र खेळतं.

अंगावर पित्त उठणं: खाजणाऱ्या गांधी उठतात, काही तासांत इथल्या तिथे जातात. पण ओठ-जीभ सुजली किंवा धाप लागली, तर एक मिनिटही थांबू नका.

आपल्या सावळ्या-गव्हाळ अंगावर लाली पटकन दिसत नाही. म्हणून दिवसाच्या उजेडात बघा, हात फिरवून खरखर लागते का बघा. तळहात, तळपाय, तोंडाच्या आत आणि खालची पापणी ओढून आत बघा. नवं औषध सुरू केल्यावर पुरळ आलं असेल, तर ती बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जा.

केव्हा थांबायचं नाही?

तापाच्या मुलाच्या अंगावरचे ठिपके पेला दाबूनही जात नसतील, तर ते कातडीखाली झिरपलेलं रक्त असू शकतं. डेंग्यूत असं होतं आणि मेंदूज्वराच्या एका घातक प्रकारातही होतं. त्यात ठिपके काही तासांत जांभळे होऊन पसरतात. पण पेल्याखाली ठिपके गेले म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. सुरुवातीला ते जाऊही शकतात.

म्हणून पुरळापेक्षा लेकराकडे बघा. ते सुस्त पडलंय, ओळखत नाही, मान ताठ झालीय, झटके येतायत, श्वास जोरात चाललाय, सारखी उलटी होतेय, पोट खूप दुखतंय, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, सहा-आठ तासांत लघवी नाही, हातपाय गार पडलेत, यातलं एकही असलं तर पुरळ असो-नसो, ताप असो-नसो, निघायचं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर नुसता ताप आला तरी दाखवायलाच हवं.

आणि लस. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. दुसरा डोस पुष्कळ जणी विसरतात. आज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की कपाटातलं लसीकरणाचं कार्ड काढून बघाल ना? राहिला असेल तर आशाताईंना विचारा, उशिराही देता येतो.

चिऊ आता मोठी झालीय. परवा समोरच्या घरातलं बाळ तापानं फणफणलं होतं, अंगावर पुरळ होतं. त्याची आजी कडुलिंब मागायला आमच्याकडे आली. सासूबाईंनी अंगणातला डहाळा तोडून दिला आणि म्हणाल्या, "हा लाव दाराला. पण आधी त्याला डॉक्टरकडे ने. मी येते सोबत."