फोनवर इंटरनेट चालते, मग संगणकावर का नाही?

रविवारची सकाळ. न्यू जर्सीत नऊ वाजलेले असतात आणि पुण्यात संध्याकाळचे साडेसहा. तिकडे आईवडील टॅबलेट समोर घेऊन बसलेले असतात आणि इकडे संगणकाच्या पडद्यावर 'इंटरनेट नाही' एवढीच पाटी झळकत असते. त्याच खोलीत, त्याच वाय-फायवर, हातातला फोन मात्र सुरळीत चालतो. अशा वेळी बहुतेकजण राउटर बंद करून पुन्हा चालू करतात, नंतर सेवा पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावतात आणि बराच वेळ संगीत ऐकत बसतात.

वास्तविक फोनचा मोबाइल डेटा बंद करून पाहिला आणि तरीही वाय-फायवर तो चालला, तर कंपनी आणि राउटर हे दोघेही जवळजवळ निर्दोष ठरतात. दोष बहुधा संगणकाने स्वतःजवळ ठेवलेल्या नेटवर्कच्या नोंदींत असतो. तो घरच्या घरी दुरुस्त करता येतो. मात्र दुरुस्तीपूर्वी निदान हवे.

बिघडते ते नेमके काय?

संगणकाला इंटरनेटवर जाण्यासाठी मुख्यतः चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. पहिली, घरातल्या जाळ्यातला स्वतःचा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस. दुसरी, बाहेर पडण्याची वेस, म्हणजे गेटवे. घरात ही वेस म्हणजेच राउटर. तिसरी, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर, म्हणजे डीएनएस. चौथी, वाटेत कोणी मध्यस्थ आहे का, म्हणजे प्रॉक्सी. पहिल्या तीन गोष्टी सामान्यतः राउटर आपण होऊन पुरवतो. याखेरीज विंडोजमध्ये ब्राउझरसारखे प्रोग्राम आणि नेटवर्क यांना जोडणारी 'विनसॉक' नावाची एक व्यवस्था असते. तिची तपशीलवार संहिता १९९२ साली ठरली आणि तिची पुढची आवृत्ती आजही वापरात आहे.

या नोंदी बिघडण्याची कारणे साधी असतात. जुन्या घरात संगणकाला हाताने कायमचा पत्ता दिलेला असतो आणि नव्या घरातल्या राउटरची पत्त्यांची रचना वेगळी असते. एखादे व्हीपीएन किंवा अँटिव्हायरस काढून टाकले जाते, पण त्याने विनसॉकमध्ये घुसवलेले दुवे मागे राहतात. कधी अद्ययावतीकरण चालू असताना वीज जाते. वरचेवर घर, शहर आणि नोकरी बदलणाऱ्या परदेशस्थ मंडळींच्या संगणकावर असे अवशेष अधिक साचतात.

कधी त्यामागे दुष्ट हेतूही असतो. 'डीएनएसचेंजर' या घातक प्रोग्रामने शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांची डीएनएस नोंद बदलून ती गुन्हेगारांच्या सर्व्हरकडे वळवली होती. नोव्हेंबर २०११मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने कारवाई जाहीर केली. लोकांचे इंटरनेट एकाएकी तुटू नये म्हणून त्या जागी काही काळ स्वच्छ सर्व्हर चालवण्यात आले आणि ९ जुलै २०१२ रोजी ते बंद झाले. ज्यांनी तोवर नोंद दुरुस्त केली नव्हती, त्यांची तार शाबूत होती, राउटर ठीक होता, तरी संकेतस्थळे उघडेनात. एका ओळीतले आकडे चुकले की काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

निदान: पाच मिनिटांची तपासणी

विंडोजमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकायच्या. उत्तरात 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' ही ओळ पाहावी. पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला आहे. त्या पत्त्याने घराबाहेर जाता येत नाही.

पत्ता योग्य दिसत असेल, तर 'पिंग' या आज्ञेपुढे 'डिफॉल्ट गेटवे'चे आकडे लिहून पाहावे. उत्तर आले तर वेशीपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. मग 'पिंग ८.८.८.८' करून पाहावे. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा पत्ता आहे. इथूनही उत्तर आले, पण कोणतेही संकेतस्थळ नावाने उघडत नसेल, तर संशय डीएनएसवर जातो. पिंगमध्ये नावही ओळखले जात असेल आणि तरी ब्राउझर अडत असेल, तर प्रॉक्सी किंवा विनसॉक तपासावे.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. संयुक्त अरब अमिरातीत काही अ‍ॅपवरून होणाऱ्या इंटरनेट कॉलवर निर्बंध आहेत. बाकी सर्व काही उघडत असेल आणि केवळ कॉल लागत नसेल, तर संगणकाच्या सेटिंग्जना हात लावण्याचे कारण नाही.

उपचार: सौम्य ते कठोर

पत्त्याचा दोष असेल, तर सेटिंग्जमध्ये संबंधित जोडणीचे 'आयपी असाइनमेंट' हे 'ऑटोमॅटिक' करावे. मग 'आयपीकॉन्फिग /रिलीज' आणि त्यानंतर 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' या आज्ञा द्याव्यात. पहिलीने जुना पत्ता सोडला जातो, दुसरीने राउटरकडे नवा मागितला जातो.

डीएनएसचा दोष असेल, तर 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' या आज्ञेने साठवलेली जुनी नावे-पत्ते पुसले जातात. डीएनएस असाइनमेंटमध्ये अनोळखी आकडे दिसले, तर तेही 'ऑटोमॅटिक' करावे. प्रॉक्सीच्या पानावर कोणी न सांगता मध्यस्थाचा पत्ता भरलेला आढळला, तर तो बंद करावा.

एवढ्याने भागले नाही, तर कमांड प्रॉम्प्ट 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडून 'नेटएसएच विनसॉक रीसेट' आणि 'नेटएसएच इंट आयपी रीसेट' या दोन आज्ञा द्याव्यात आणि संगणक पुन्हा सुरू करावा. पहिली आज्ञा विनसॉक मूळ स्थितीत आणते; विंडोज एक्सपीच्या २००४ सालच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ती उपलब्ध आहे. तिच्यानंतर काही अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन पुन्हा स्थापित करावे लागू शकतात.

शेवटचा उपाय म्हणजे 'नेटवर्क रीसेट'. २०१६पासून विंडोज १०मध्ये ही सोय आली. विंडोज ११मध्ये ती 'अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'च्या पानावर सापडते. ती सर्व नेटवर्क अडॅप्टर काढून पुन्हा बसवते आणि त्यांची सेटिंग्ज मूळ पदावर नेते. त्यासोबत वाय-फायचे जपलेले पासवर्ड आणि हाताने दिलेले पत्ते जातात, व्हीपीएन नव्याने मांडावे लागू शकते. घरचे जाळे 'पब्लिक' म्हणून नोंदले गेल्यास इतर संगणकांवरील सामायिक फोल्डर दिसेनासे होतात. म्हणून हा उपाय आधी नव्हे, शेवटीच करावा.

हात लावण्यापूर्वी

कठोर उपायांपूर्वी तीन गोष्टी कराव्यात. वाय-फायचा पासवर्ड आणि व्हीपीएनचा तपशील कागदावर उतरवावा. वाय-फाय अडॅप्टरचा ड्रायव्हर दुसऱ्या यंत्रावर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावा. कारण इंटरनेट नसलेल्या संगणकावर ड्रायव्हर उतरवायचा कुठून, हा पेच ऐन वेळी पडतो. आणि लॅपटॉप कार्यालयाचा असेल, तर तिथेच थांबावे. त्यातील प्रॉक्सी, डीएनएस आणि व्हीपीएन यांची रचना कंपनीने हेतुपूर्वक केलेली असते. घरी केलेल्या रीसेटमुळे सोमवारी सकाळी कार्यालयाचे दार बंद झालेले आढळण्यापेक्षा आयटी विभागाला आदल्या दिवशी कळवलेले बरे.

दुरुस्त केलेली नोंद संगणक पुन्हा सुरू करताच परत बिघडत असेल, तर ती कोणीतरी बदलत आहे, असे समजावे. अशा वेळी वारंवार रीसेट करण्यापेक्षा घातक प्रोग्रामसाठी पूर्ण तपासणी करावी आणि अर्धवट काढलेले जुने व्हीपीएन समूळ काढावे. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये अडॅप्टरच दिसत नसेल, तर प्रश्न नोंदींचा राहिलेला नसतो. तो ड्रायव्हरचा वा यंत्राचा असतो.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी काम आजच, सारे काही सुरळीत चालू असताना करता येते. 'आयपीकॉन्फिग /ऑल' ही आज्ञा देऊन जे उत्तर येईल, त्याचे फोनवर छायाचित्र काढून ठेवावे. पुढच्या एखाद्या रविवारी पडद्यावर ती पाटी झळकली, तर बिघडलेल्या नोंदी या छायाचित्राशी ताडून पाहता येतील. कोणता आकडा बदलला ते दिसले की उपाय कुठून सुरू करायचा तेही कळते, आणि पुण्यात वाट पाहणाऱ्यांना फार वेळ ताटकळावे लागत नाही.