उमेदवाराचा वेळ फुकट नसतो

'कामाला माणूस पाहिजे' असा बोर्ड लावला की नालासोपारा, विरारबरोबर पालघर, डहाणूकडूनही फोन येतात. विरार ते डहाणू रोड 64 किलोमीटर. 2013 पासून तिथे लोकल जाते, पण विरारच्या पुढे गाड्या कमीच. म्हणजे तुमच्या दहा मिनिटांच्या मुलाखतीसाठी समोरच्याचा अख्खा दिवस जातो, आणि त्या दिवसाची मजुरीसुद्धा.

म्हणून चार गोष्टी पाळा.

1. पगार, कामाचे तास आणि सुट्टीचा वार फोनवरच सांगा. जमणार नसेल तर दोघांचीही खेप वाचते.

2. सगळ्यांना एकदम 'सकाळी 11 ला या' म्हणू नका. गाडीची वेळ विचारून प्रत्येकाला वेगळी वेळ द्या.

3. 'एक दिवस काम करून दाखव' म्हणालात, तर त्या दिवसाचे पैसे संध्याकाळीच हातात द्या. काम घेतलंय ना!

4. 'कळवतो' म्हणताना वारही सांगा. नकार असला तरी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका. तुमच्या उत्तराची वाट बघत माणूस हातातलं दुसरं काम सोडतो.

बोर्ड लावण्याआधी पगाराचा आकडा ठरवा. तो तुमचाच ठरला नसेल, तर अजून कोणाला बोलावू नका.