न्यायालय मिळाले, सैन्य राहिले : इजिप्तच्या कराराचा धडा

गुन्हा इजिप्तमध्ये घडायचा, पण आरोपी ब्रिटिश किंवा फ्रेंच असेल तर खटला त्याच्याच देशाच्या वकिलातीच्या न्यायालयात चालायचा. परकीयांच्या या विशेष सवलतींना 'कॅपिट्युलेशन्स' म्हणत. माणूस कोणाचा, यावर न्याय ठरत होता.

२६ ऑगस्ट १९३६ रोजी लंडनमध्ये ब्रिटन आणि इजिप्त यांचा करार झाला. लष्करी ताबा संपून दोन्ही देश मित्रराष्ट्रे ठरले आणि सवलती संपवण्यास ब्रिटनने पाठिंबा दिला. १९३७ च्या माँत्रो परिषदेत त्या रद्द झाल्या. मिश्र न्यायालये मात्र १९४९ पर्यंत चालली.

आणि सैन्य? सुएझ कालव्याच्या रक्षणासाठी १०,००० ब्रिटिश सैनिक ठेवण्याची मुभा त्याच करारात होती. ४ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिश रणगाड्यांनी राजा फारूकच्या महालाला वेढा घातला आणि नहास पाशांना सरकार बनवू देण्यास भाग पाडले. १९३६ च्या करारावर सही करणारे हेच नहास. १९५१ मध्ये त्यांच्याच सरकारने तो रद्द केला.

कायद्यापुढच्या समानतेचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. पण कोणताही करार वाचताना आपण दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत : न्याय कोणाच्या हाती, आणि बंदूक कोणाच्या हाती?