जुन्या लॅपटॉपांना हलक्या वेलँडचा आधार

चेन्नईच्या दक्षिणेस शोळिंगनल्लूर येथे तमिळनाडू इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाचे, म्हणजेच एल्कॉटचे, माहिती तंत्रज्ञान विशेष आर्थिक क्षेत्र आहे. राज्यातील विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना २०११ मध्ये सुरू झाली, तेव्हा खरेदीची जबाबदारी याच महामंडळाकडे होती. त्या पिढीतील यंत्रे आता जुनी झाली आहेत. विंडोज ७चे साहाय्य जानेवारी २०२० मध्ये, तर विंडोज १०चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११साठी इतकी जुनी यंत्रे पात्र ठरत नाहीत. सुरक्षा सुधारणा मिळत राहतील अशी प्रणाली हवी असल्यास लिनक्स हा विनामूल्य पर्याय उरतो.

लिनक्सवर खिडक्या दाखविण्याचे काम दीर्घकाळ एक्स ही व्यवस्था करीत आली. तिचा उगम १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेत झाला. या व्यवस्थेत एका आज्ञावलीला दुसरीत टंकलेली अक्षरे टिपता येतात. हा दोष टाळणाऱ्या वेलँडचे काम क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केले. वेलँड हा केवळ संवादाचा नियम आहे. सर्व खिडक्या एकत्र जुळवून पडद्यावर चित्र उभे करणाऱ्या आज्ञावलीस कंपोझिटर म्हणतात.

लॅबडब्ल्यूसी हा असाच एक हलका कंपोझिटर आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या प्रणालीनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा स्वीकार केला. त्याची उभारणी फारशी अवघड नाही. प्रथम डेबियन १३ची किमान आवृत्ती बसवावी. त्यासाठी प्रोसेसर ६४ बिटचा असल्याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर लॅबडब्ल्यूसी, फूट हे टर्मिनल आणि वेबार ही पट्टी भांडारातून घ्यावी. प्रवेश केल्यावर लॅबडब्ल्यूसी ही आज्ञा दिली की रिकामा पडदा दिसतो. हा बिघाड नव्हे. माऊसची उजवी कळ दाबताच यादी उघडते. कळजोड्या, यादी आणि सुरुवातीस चालणाऱ्या आज्ञावली साध्या मजकुराच्या फाईलींत लिहिता येतात. मराठी टंकलेखनासाठी कळफलकाची मांडणी एन्व्हायर्नमेंट या फाईलीत नोंदवावी. केवळ एक्सवर चालणाऱ्या जुन्या आज्ञावलींसाठी एक्सवेलँड हा दुवा उपलब्ध आहे.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. काही जुन्या एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डांवर वेलँड नीट चालत नाही. शिवाय कंपोझिटर कितीही हलका असला, तरी स्मृतीचा मोठा वाटा ब्राउझरच घेतो. म्हणून प्रणाली बसविण्यापूर्वी ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी आणि आपल्या फाईलींची प्रत काढून ठेवावी. चाचणी यशस्वी झाल्यास, भंगारात जाऊ पाहणारा लॅपटॉप लेखन, वाचन आणि अभ्यासाच्या कामी पुन्हा येऊ शकतो.